आवतणाला निघालेलं डबडं

आमच्या पिकअपला घरात दोन नावं आहेत. मी तिला गाडी म्हणते आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी, तिला डबडं म्हणतात. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही म्हणा. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. काच खाली करायला हँडल फिरवावं लागतं, आणि माझ्या बाजूचं हँडल पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातात आलं. सीट अशी कडक, की आष्टीच्या बाजारातून आल्यावर मी बराच वेळ उभीच असते. पण तिची चारही चाकं ओढतात. आणि ज्याचं वावर पांदणीच्या टोकाला आहे त्याला विचारा, गाडीत गाणी वाजली पाहिजेत की चाकं ओढली पाहिजेत!

पांदण म्हणजे बैलबंडीसाठी सोडलेली शेतातली वाट. उन्हाळ्यात तिथं धुरळा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा. माती टायरला असा थर धरते की चाक गोल राहतच नाही. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला तोडून धुऱ्यावर, बांधावर, ठेवायचा आणि डोक्यावरून सडकेपर्यंत वाहायचा, हे मी बरीच वर्षं केलं. नवरा वर्ध्याला नोकरीला, नालवाडीत खोली करून राहतो. त्याला जामच्या चौरस्त्यावर विकायला उभी असलेली एक चकचकीत गाडी फार आवडली होती. मी म्हटलं, "ते पांदणीत घालून दाखवा, मंग बोला." तिच्याच मागं ही मळकी, जुनी, फोर-बाय-फोर उभी होती, तीच घेतली. चालवायला मीच शिकले. गावानं महिनाभर हसून घेतलं, मग ज्याच्या त्याच्या मोटरसायकली चिखलातून ओढून काढायला मलाच हाका येऊ लागल्या.

मामाजी मात्र तिच्यात कधी बसले नाहीत. त्याला कारण होतं. गाडी आली त्याच वर्षी आमच्या जोडीतला एक बैल गेला. एकट्या बैलाला नांगराला कसं जुंपणार? नवा जोडीदार आणायचा की शेतीला भाड्याचा ट्रॅक्टर सांगायचा, यावर घरात बोलणं झालं आणि ट्रॅक्टर जिंकला. उरलेला बैल नाल्यापलीकडच्या गावी माझ्या नणंदेच्या घरी, तिच्या बैलांच्या सोबतीला दिला. मामाजींनी वाद घातला नाही. ते फक्त दवाखान्यात एसटीनं जाऊ लागले आणि लग्नाला कोणाच्याही मागं मोटरसायकलवर. मी कितीदा म्हटलं, मामाजी, मी सोडून देते न. तर म्हणायचे, "तू जाजो. मले नाई बसायचं त्या डबड्यात." मला असा राग यायचा! माणूस आपल्या सुनेपेक्षा एसटीच्या कंडक्टरवर जास्त भरवसा ठेवतो म्हणजे काय?

वर्षातून एक दिवस मात्र ते चालतच नणंदेकडे जायचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जू ठेवून ठेवून खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्यांना पळसाच्या पानानं तूप आणि हळद चोळायची आणि बैलाला हात जोडून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." पाव्हण्याला द्यावं तसं जेवायचं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी आधी तो जेवतो, मग घर जेवतं. बैल दुसऱ्याच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, गेला तरी मामाजींनी त्याचं आवतण मोडलं नाही. तूप-हळद घेऊन जायचे, देऊन यायचे. जेवू नणंद घालायची.

यंदा त्यांचे गुडघे पार गेले होते. अंगणातून कोठ्यापर्यंत जायचं तर दोनदा थांबायचे. त्यातच खांदशेकणीच्या दुपारी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, बैल सकाळपासून बसला हाय. उठूनच नाई राह्यला. डॉक्टर पाहून गेले, म्हणते वय झालं, आता काही खरं नाई. बाबाले सांगजो. नाई तर नको सांगू. काय करावं समजूनच नाई राह्यलं."

मी सांगितलं. मामाजींनी तुपाची वाटी घेतली, धोतराचा सोगा खोचला आणि काठी घेऊन निघाले. फाटकापर्यंत गेले आणि तिथंच खांब धरून उभे राहिले. पाऊस सकाळीच उघडला होता, पण वाट सगळी चिखलानं भरलेली होती. आजचं आवतण चुकलं तर पुढच्या पोळ्याला ते द्यायला बैल नसणार, हे त्यांना कळत होतं, आणि मलाही.

"तुमी चाला पुढं," मी म्हटलं, "मी मागून येते उचलाले."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "लय बोलतं तू," म्हणाले, आणि गाडीच्या दाराचं हँडल शोधू लागले. मी धावत जाऊन दार उघडलं. हसायची माझी काय बिशाद!

रिकामी पिकअप चिखलात मागून नाचते, म्हणून मी मागं मुरमाची पोती टाकली. पांदणीत शिरेपर्यंत मामाजी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. "फसन," ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "सांगून राह्यलो, फसन." मी दात आवळून गाडी चालवत होते.

आणि नाल्यात फसली न! पाणी घोट्याएवढंच, पण खाली नुसता गाळ. मी मोठ्या ऐटीत छोटा गियर ओढला, चारही चाकांचा, आणि ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगर फिरली, चिखल काचेपर्यंत उडाला, गाडी आणखी खाली बसली. मामाजी बाहेर वाकून पाहत होते.

"पुढचं चाक तं फिरतच नाई."

मी कपाळावर हात मारला. असल्या जुन्या गाडीत नुसता दांडा ओढून भागत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल खटका असतो, तो खाली उतरून हातानं फिरवावा लागतो. मगच पुढची चाकं इंजिनाला लागतात. डांबरी सडकेवर तो सोडून ठेवतात. मी बाजाराला जाताना सोडला होता, आणि आज घाईत अंगणातच फिरवून घ्यायचा तो विसरले होते. मामाजींना काय सांगणार, हब लॉक? मी म्हटलं, "मामाजी, पुढचे दोन बैल जुंपायचे राह्यले."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसले. गाडी आल्यापासून गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा हसले. "बह्याड पोरगी! मंग जुंप न!"

मी पदर खोचून पाण्यात उतरले, माझ्या बाजूचा खटका फिरवला. वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले तर मामाजी दार उघडून, पायरीवर बसून, वाकून चाकाशी झटत होते. धोतर गाळात.

"कोणीकडं फिरवायचं?"

"उजवीकडं. राहू द्या, मी करते न."

"तू सरक," ते म्हणाले, "हा माह्या बाजूचा हाय." खटका त्यांनीच फिरवला.

मग मी गाडी सगळ्यात हळू गियरला टाकली. ना ब्रेक, ना क्लच, स्टिअरिंग सैल धरलं. पुढच्या चाकांनी माती धरली तसा गाडीनं एक हुंकार दिला आणि ती नाल्याचा काठ चढून वर आली. मला तर तिचा मुका घ्यावासा वाटला. मामाजींनी 'फसन' म्हणायचं बंद केलं.

नणंदेच्या कोठ्यात बैल मान टाकून बसला होता. मामाजी त्याच्याजवळ खाली बसले, त्या गुडघ्यांनिशी, कण्हत. तूप-हळद खांद्यावर चोळली. घट्टा तसाच होता, इतक्या वर्षांनी. बैलानं कान हलवला. मामाजींनी हात जोडले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग लेकीकडे वळून म्हणाले, "यंदा घरी नेतो त्याले."

"बाबा, थो उठून नाई राह्यला अन् तुमी नेता कुठी?"

"आवतण मी देल्लं. तं जेवण माह्या घरी." आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हिची गाडी हाय न."

'गाडी' म्हणाले ते. मी ऐकलं. त्यानंतर मला नाही म्हणायला तोंड होतं का? गावातले सात-आठ जण जमले. पोटाखालून पोत्यांची झोळी घातली आणि बैलाला उभं केलं. गाडी मी उलटी नेऊन उंच धुऱ्याला भिडवली, म्हणजे मागचा हौदा जमिनीशी सपाट झाला. खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांवर कडबा पसरला. मामाजी आधी आत चढले आणि नुसतं "ये" म्हणाले. तो लटपटत, चार माणसांच्या आधारानं चढला आणि आत जाऊन बसला.

परतताना मामाजी सीटवर आलेच नाहीत, मागं त्याची मान मांडीवर घेऊन बसले. तेव्हा मला कळलं की या गाडीची खरी करामत जोर नाही, सावकाशी आहे. जोर कोणतीही गाडी दाखवते. ही भरल्या ओझ्यानं, उतारावर, गाळात, माणूस चालेल त्याहून हळू चालते आणि तरी बंद पडत नाही. नाला आम्ही असा ओलांडला की मागं वाटीतलं उरलेलं तूपही सांडलं नाही. दिवस बुडायच्या आत अंगणात होतो.

पोळ्याच्या दिवशी नवरा आला, नणंद आली. मी पुरणपोळ्या केल्या. लिंबाखाली बसलेल्या बैलासमोर सूप मांडलं, ओवाळलं. त्यानं पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. गूळ दिला, नाही. हातानं भरवलं, नाही. पाव्हणा जेवल्याशिवाय घर जेवत नाही, म्हणून आम्ही सगळे ताटकळत बसलो. गावात वाजंत्री वाजू लागली. मला रडूही येत होतं आणि रागही. "खा न बापा," मी त्यालाच म्हटलं, "तुह्यासाठी नाल्यात उतरले मी!"

मामाजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. मग उठले, त्याला वळसा घातला आणि त्याच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, जमिनीवर बसले. सूप दोघांच्या मधे ओढलं.

"जोडीनं जेवाची सवय हाय त्याले," ते म्हणाले. "डावीकडं त्याचा जोडीदार राहे न, मेला थो. एकट्यानं हा कसा खाईन?"

त्यांनी सुपातली पोळी मोडली आणि स्वतःच्या तोंडात घातली. सावकाश चावू लागले, मान खाली घालून. बैलानं त्यांच्याकडे पाहिलं. मग नाक पुढं केलं, सुपात घातलं आणि जिभेनं अर्धी पोळी ओढून घेतली. नणंद तोंडाला पदर लावून रडत होती. मला तर समोरचं काही दिसेनासं झालं.

"सूनबाई," मामाजी मान वर न करता म्हणाले, "आणखी पोळ्या आण. आमी दोघं जेवून राह्यलो."