सत्तरावा चेंडू

मुंबई विमानतळाच्या दारात अण्णांनी माझ्या बॅगेतून लोणच्याची बरणी काढली आणि त्या जागी बेसबॉलचा ग्लोव्ह कोंबला. बॅग आधीच वजनाला जास्त भरत होती. आई म्हणाली, मस्कतच्या वाळूत हा खेळणार कोणाशी? अण्णा म्हणाले, "असू दे. जागा घेत नाही." बरणी आईच्या पिशवीतून जळगावला परत गेली.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि मला पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, त्यांनीच केलं. आमच्याकडे बेसबॉल हा नोकरीचा रस्ता होता. शाळा, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढायच्या. राज्याचं पदक मिळालं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर खेळाडूंसाठीची राखीव जागा. परदेशातले व्यावसायिक खेळाडू आम्ही फक्त पडद्यावर पाहिले होते. आमच्या खेळाची शेवटची पायरी पोलीस भरती ही होती.

सतराव्या वर्षी राज्य स्पर्धेत मी दोन दिवसांत तीन सामने टाकले. संघात दुसरा पिचर होता, पण कच्चा. तिसऱ्या सामन्याच्या मध्यावर अण्णांनी विचारलं, हात दुखतोय का? मी म्हणालो, "नाही." दुखत होता. आम्ही सुवर्णपदक जिंकलो. नंतरचे दोन महिने आई माझे केस विंचरून देत होती, कारण उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. पुढे भरतीत माझं प्रमाणपत्र मंजूर झालं आणि गोळाफेकीत मी नापास झालो. त्या खांद्याने गोळा चुन्याच्या पहिल्या रेषेपर्यंतही गेला नाही. याविषयी अण्णा कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. काही वर्षं गावच्या दैनिकात खेळाचे निकाल लिहिले आणि मग मस्कतची नोकरी धरली.

आता ऑफिस मस्कतच्या रुवी भागात आहे, मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं. जवळच दार्सैतला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बायको मीनल शाळेत शिकवते. मुलगी जुई बारा वर्षांची आहे. मराठी बोलते, पण मधल्या जागा इंग्रजीने भरते.

जळगावच्या मैदानावरचे जुने सोबती फोनवर विचारतात, तिकडे बेसबॉल आहे का? क्रिकेट जागोजागी आहे. बेसबॉल शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, एका मोकळ्या जागेवर असतो. गवत नाही. तो सुरू केला फिलिपिनो कामगारांनी, आपल्या मुलांसाठी. मुलांचा कोच रामिल गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. तरुणपणी मायदेशात तो एका कंपनीच्या संघाकडून खेळायचा. बेसबॉल खेळण्याचा पगार घेतलेला, माझ्या ओळखीतला हा एकच माणूस. जुई त्याच्याकडे जायला लागली तेव्हा तो ग्लोव्ह माळ्यावरून खाली आला. तिच्या हाताला तो अजूनही मोठाच होतो.

रामिलचा एक नियम आहे. बारा वर्षांच्या पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त सत्तर चेंडू टाकायचे. सत्तरावा पडला की, बॅटर कोणीही असो, पिचर बाहेर. मला आधी हे लाड वाटले. त्याने एवढंच सांगितलं की मुलांचं हाड अजून वाढत असतं. मला धावपत्रक लिहिता येतं म्हणून मोजणीही माझ्याकडे आली. अंगठ्याने दाबायचा छोटा काउंटर असतो. प्रत्येक चेंडूला एकदा दाबायचा. माझ्या आकड्याला रामिल कधी प्रश्न विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात सोहार शहरातल्या मुलांशी सामना झाला. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांची ती मुलं. जिंकणारा संघ दुबईच्या स्पर्धेला जाणार होता. अण्णा व्हिडिओ कॉलवर होते. फोन मी टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. शेवटची इनिंग चालू होती. आम्ही एका धावेने पुढे होतो आणि आणखी दोन बॅटर बाद करायचे होते. चेंडू जुई टाकत होती आणि काउंटरवर अडुसष्ट होते.

पुढच्या चेंडूला माझा अंगठा हलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विसरलो असं म्हणता येणार नाही. मैदानावर सत्तर झाले होते आणि माझ्या हातात अडुसष्ट.

अण्णांचं लक्ष होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दोनच बॅटर राहिलेत. आकडा तुझ्याच हातात आहे ना?"

जुईने घाम पुसण्याच्या निमित्ताने उजवा खांदा एकदा गोल फिरवला. मी तो काउंटर टेबलावर ठेवला, हात वर केला आणि रामिलला ओरडून सांगितलं, सत्तर झाले.

रामिल मैदानात गेला. "जुई, खलास." तिने चेंडू त्याच्या हातात दिला आणि सरळ माझ्याकडे आली. "बाबा, फक्त टू मोअर होते. माझा हात दुखत नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणालो. "म्हणूनच."

दुसऱ्या पिचरने दोन धावा दिल्या. आम्ही हरलो. दुबईला सोहारची मुलं गेली. सामना संपला तेव्हा मला हलकं वाटत होतं, आणि ते लपवण्यासाठी मी बराच वेळ धावपत्रक भरत बसलो.

अण्णांनी फोन ठेवला नव्हता. म्हणाले, "सत्तर म्हणजे बरोबर सत्तरच होते?"

"हो."

अण्णा म्हणाले, "तुझे मी मोजलेच नव्हते रे."

वीस वर्षांत या विषयावर ते बोललेलं हे पहिलं वाक्य. मग त्यांनी विचारलं, पोरगी रडतेय का? मी सांगितलं, आइस्क्रीम खातेय. ते हसले. पुढच्या वेळी मोजायला मलाही बसव, दोघांचा आकडा जुळला पाहिजे, म्हणाले. तेव्हापासून दर शुक्रवारी ते जळगावात वही घेऊन बसतात. आकडा जुळतो.

घर कुठे, असं कोणी विचारलं की मी पूर्वी जळगाव सांगायचो आणि दार्सैतला रूम म्हणायचो. ती सवय सुटली, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटली. त्या शनिवारी जुई माझ्याशी बोलत नव्हती. आरशासमोर उभी होती. मीनलने विचारलं, वेणी घालून देऊ का? नको म्हणाली. दोन्ही हात सहज कानांच्या वरून डोक्यामागे नेले आणि स्वतःची वेणी स्वतः घातली.