इंग्लंडच्या बागेत वाजवलेला डबा

चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ऐकताना ठसका लागेल! माझी अशी फजिती झाली होती, की आठवलं तरी आजही कान गरम होतात.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या खेड्यातली पोर, आणि नर्सिंगचं पुढचं शिकायला थेट इंग्लंडात! माझा मोठा भाऊ, दादा, आधीपासून तिथे नोकरीला होता. तो रोज मला दवाखान्यात सोडायचा आणि घ्यायलाही यायचा. सोबतच्या पोरी हसायच्या हो!

एक दिवस मी भडकलेच. "दादा, उद्यापासून मी एकटी येईन."

"तुले जमन का वो?"

"काऊन नाई जमन?"

"पाय बरं. घाबरून बोंबलली तं बाबाले कळवतो. मंग शिक्षण सोड अन् गावी जाऊन चिखलात वाकून धानाचा रोवणा कर!"

म्हणजे बघा, सगळं शिक्षणच पणाला लागलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून निघाले. थंडीचे दिवस, तिथे दुपार सरली की अंधारून येतं. वाटेत एक बाग होती. एका अंगाला घरांची रांग, दुसऱ्या अंगाला दाट झुडपं. मी अशी ताठ मानेनं चाललेय, आणि झुडपात खसफस!

मी थांबले. खसफस थांबली. मी चालले. खसफसही चालली!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या माणसानं काय करावं? सांजेला शेतावरून परतताना आपण डबा वाजवतो, मोठ्यानं बोलतो. चाहूल लागली की जनावर आपणच बाजूला होतं. लहानपणापासूनची सवय ती! डोक्याला कळायच्या आत हातांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, चमचा घेतला आणि टण टण टण!

"हो ऽऽ! हट! मी येऊन राह्यली रे बाप्पा! सरक बाजूले!"

माय वो! त्या गल्लीनं असा आवाज जन्मात ऐकला नसेल. पडदे सरकले, दारं उघडली. कोपऱ्यावरच्या घरातली गोरी म्हातारी हातात चहाचा कप घेऊन तशीच धावत आली.

"काय झालं, बाळ?"

"झुडपात जनावर आहे!"

"कोणतं?"

मला काय ठाऊक कोणतं? पण वाघांच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारला, तर पहिलं काय तोंडात येणार? म्हटलं, "वाघ असू शकतो!"

झालं! बायांनी पोरं आत ओढली. कुणीतरी फोन फिरवला. बॅटऱ्या घेऊन पोलीस हजर! एकानं झुडूप बाजूला सारलं, आणि आतून कोण निघावं? दोन्ही हात वर, केसांत पालापाचोळा, कोटाची बाही फाटलेली... माझा दादा!

मी थिजलेच. ही पोर एकटी नीट जाते का, हे बघायला भाऊराया लपत लपत मागे येत होता!

"बाई, हा माणूस तुमचा पाठलाग करत होता," पोलीस म्हणाला. "ओळखता याला?"

"अवो सांग नं, भाऊ हाय मनून!" दादा रडकुंडीला आला होता.

राग असा आला होता, की नाही म्हणून टाकावं वाटलं. पण म्हटलं, "हो. माझाच आहे."

"आणि वाघ?"

"तोही हाच."

बाबांना काहीच कळलं नाही. सांगणार कोण? झुडपात पोलिसांनी धरलेला दादा? त्यानं पुन्हा माझ्या मागे यायचं नाव काढलं नाही. मी एकटी जाऊ-येऊ लागले. स्वतंत्र झाले!

फक्त एक झालं. त्या दिवसापासून संध्याकाळी मी बागेच्या तोंडाशी आले, की कोपऱ्यावरची ती म्हातारी दारात यायची आणि कपावर चमचा वाजवायची. टिण टिण टिण! "ये बाळ, वाट मोकळी आहे!" सगळी गल्ली खिडक्यांतून हसायची.

आणि खरं सांगू? तिचा चमचा वाजेपर्यंत मी बागेत पाऊल टाकत नव्हते!