थोरलीचा हलका हात

थोरलीचा हात हलका, असं हॅचरीत सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. कोळंबीची पिल्लं तयार करून तळीवाल्यांना विकायची, हा तिथला धंदा. पण टाकीत कोंडलेली मादी मनासारखी अंडी धरत नाही. तिच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, ती आड येते. म्हणून दोनपैकी एक देठ तापलेल्या चिमट्यानं दाबून तोडायचा. थोड्याच दिवसांत मादीच्या पाठीवर केशरी पट्टा उमटतो, म्हणजे अंडी धरली.

हे काम थोरलीचं. ओल्या फडक्यात मादी धरायची, अंगठ्यानं डोकं दाबायचं, चिमटा लावायचा आणि तिला कळायच्या आत परत पाण्यात सोडायचं. तिच्या हातची मादी सहसा दगावत नसे. मालक पाहुण्यांना मुद्दाम तिच्यापाशी आणून उभे करायचे. थोरली मान वर न करता काम करत राहायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला तीच गोष्ट दोनदा ऐकवायची.

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीनंच शब्द टाकून तिला हॅचरीत लावलं. पहिल्याच दिवशी चिमटा हातात दिला. धाकटीनं मादी धरली, मादीनं शेपटी झटकली, आणि चिमटा खणकन फरशीवर. ती मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.

सगळ्या बायका बघत होत्या. शब्द आपण टाकलेला, आता आपलीच शोभा होणार, असं थोरलीच्या मनात आलं. म्हणून सगळ्यांच्या आधी तीच मोठ्यानं हसली.

"अगं बाई! राणीसाहेब, तुम्ही घरीच बसा. आम्ही ताट वाढून आणू!"

हशा पिकला. धाकटीनं तोंड धुतलं, डबा उचलला आणि गेली. परत कामावर आली नाही. 'राणीसाहेब' मात्र घरात कायमचं चिकटलं. चार माणसं जमली की थोरली उठून ओकण्याची नक्कल करायची, दीरसुद्धा पोट धरून हसायचा, आणि धाकटी खाली मान घालून वाढत राहायची.

अशी वर्षं गेली. मग तळीवाल्यांच्या तक्रारी यायला लागल्या. पिल्लं नाजूक निघतात, पाणी जरा बदललं की माना टाकतात, जगली तर वाढत नाहीत. मालकांनी कोळंबीच्या आजारांचं शिक्षण घेतलेल्या एका मॅडमना आणलं. त्यांनी चार दिवस नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "एका टाकीत डोळे न तोडता करून बघू."

"मग अंडी आभाळातून पडणार का?" थोरली म्हणाली.

मॅडम हसल्या. "उशिरा येतील, कमी येतील. म्हणून माद्या जास्त ठेवू. खाणं चांगलं देऊ, अंधार ठेवू, आवाज करायचा नाही. वहिनी, त्या टाकीवर लक्ष तुम्हीच ठेवा."

थोरलीला वाटलं, ही आपल्या हातचं काम काढून घ्यायला आलीय. टाकीभोवती काळं कापड लागलं. आत शिंपल्यांचं मांस, समुद्री अळ्या असं साग्रसंगीत खाणं सुरू झालं. माद्या आवाजाला दचकतात, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक? मॅडम बाहेर गेल्या की ती त्या टाकीशेजारी रिकामी बादली आपटायची. कधी कापड सरकवून उजेड आत सोडायची.

तरीही माद्यांनी अंडी धरली.

दोन्हीकडची पिल्लं मोठी झाली तशी मॅडमनी परीक्षा घेतली. दोन भांड्यांत कमी खारं पाणी, एकात थोरलीच्या माद्यांची पिल्लं, दुसऱ्यात न तोडलेल्यांची. थोड्या वेळानं थोरलीच्या भांड्यात तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर बसला. दुसऱ्या भांड्यात बहुतेक पिल्लं टुणटुणीत पोहत होती. मॅडम एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं, असं थोरलीला वाटलं.

ती आपल्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. एक मादी एकाच अंगानं गोल गोल फिरत होती. तशा नेहमीच फिरायच्या, पण आज तिला ते बघवेना. गरजच आहे म्हटल्यावर तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. गरज नव्हती हे कळलं, आणि तेव्हापासून घास गोड लागेना. राहून राहून धाकटीचा चेहरा आठवायचा. त्या पोरीला पहिल्याच दिवशी कळलं, आणि आपण तिला हसलो!

धाकटी आता घरच्या मागल्या खोलीत शिलाई करायची. पिशवीची चेन बसवायचं निमित्त करून थोरली तिच्यापाशी जाऊन बसली.

"मॅडम म्हणतात, डोळे तोडायची गरजच नव्हती," तिनं सुरुवात केली. "तुला तेव्हाच दया आली होती. मला नाही कळलं."

धाकटीनं मशीन थांबवलं. "दया कसली, ताई? मला त्या वासानं मळमळलं. दुसऱ्या दिवशी मी येणारच होते. शिकलेही असते चिमटा धरायला."

"मग?"

"तुम्ही हसलात ना."

थोरलीनं मनात जुळवून आणलेलं सगळं बोलणं तिथंच विरलं. कोळंबीच्या डोळ्यांचं ओझं घेऊन ती आली होती, आणि इथं निराळंच ओझं वाट बघत होतं.

"चुकलं माझं," ती पिशवीकडे बघत म्हणाली. मग जीभ सैल झाली तशी बादलीचंही सांगून टाकलं.

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "मुद्दाम आपटायचात?"

"मुद्दाम."

"मग हे मला काय सांगताय? मॅडमना सांगा." आणि तिनं मशीन पुन्हा सुरू केलं.

थोरलीनं सांगितलं. सकाळी, मालक शेजारी उभे असताना. मालकांचा चेहरा उतरला. मॅडमनी त्या टाकीची वही मिटली. "म्हणजे त्या माद्या किती अंडी देतात ते आपल्याला अजून कळलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." पुढे कितीतरी दिवस त्या थोरलीशी कामापुरतंच बोलल्या. तिनंही तक्रार केली नाही.

नव्या माद्या आल्या. काळं कापड पुन्हा बांधलं. त्या टाकीची जबाबदारी थोरलीनं स्वतः मागून घेतली. मालकांनी दिली खरी, पण पाहुणे आले की तिच्याकडे न वळता ते आता सरळ ऑफिसात जायचे. ती चपला बाहेर काढून आत शिरायची, तोंडातून शब्द काढायची नाही, आणि मंद लाल दिव्यात पाठीवरचे पट्टे शोधत एकेका मादीमागे डोळे फिरवत बसायची.