भादव्यात उघडलेली कणगी

मुलांनो, तुमच्या शाळेत फूड बँकेसाठी डबे गोळा करतात हे तुमच्या पत्रात वाचलं, आणि आपल्याकडचीही अशी एक बँक तुम्हाला सांगावी असं वाटलं. म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी सहाच्या एसटीने मी ठाण्याहून शहापूरला निघाले. मी शिकवायचे त्या शाळेत मंदा वीस वर्षं शिपाई होती. आता ती किन्हवलीपलीकडे आपल्या पाड्यावर (डोंगरालगतच्या छोट्या वस्तीवर) राहते. तिथल्या बायका धान्यबँक चालवतात आणि तिची किल्ली मंदाकडे असते.

शहापूरहून किन्हवलीची बस, पुढे रिक्षा. ओढ्याला पाणी होतं, म्हणून रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं. "चपला हातात घ्या आजी, पानी घोट्याएवढंच हाय." ते गुडघ्याएवढं होतं. पलीकडे भात निसवलेलं (कणसं बाहेर पडलेलं) आणि बांधावर तेरड्याची गुलाबी फुलं. एवढ्या हिरव्या रानात कुणी उपाशी असेल असं वाटेना.

"हेच दिस वाईट, बाई," मंदा म्हणाली. "जुनं भात सरलं, नवं अजून शेतात." तिने मला नाचणीची भाकरी आणि करटोल्यांची भाजी वाढली. मी दोनदा मागून घेतली, आणि मग तिचं हे वाक्य आठवून जरा अवघडले.

समाजमंदिराच्या खोलीत कणगी (भात साठवायची बांबूची उंच कोठी) होती, शेणाने सारवलेली. कापणीनंतर प्रत्येक घर तिच्यात भात घालतं. भादव्यात ती उघडतात आणि घरटी चार पायल्या (पायली म्हणजे धान्याचं माप) देतात. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात हाती येईपर्यंत तेवढ्यावर निभतं. मी गेले तो उघडण्याचाच दिवस होता.

सगळ्यात पुढे एक बाई होती, अंगावर ठसठशीत सोनं आणि दारात मुलाची नवी मोटरसायकल. मला ते खटकलं. मंदा घमेलं आणायला बाहेर गेली, तेवढ्यात मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "ज्यांच्या घरचं खरंच संपलंय, त्यांनी आधी पुढे या."

कुणी हललं नाही. कोपऱ्यात एक किडकिडीत बाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. मी तिला हाताने खूण केली. "तुम्ही या ना."

"आमचं नाय सरलं, आजी," ती म्हणाली, आणि टोपली काखेत मारून निघून गेली.

"झालं," एक म्हातारी म्हणाली. "बाईंनी शाळा भरवली."

मंदा आली. झाला प्रकार ऐकून रागावली नाही, पण खाली बसली. ती बाई म्हणजे सोनी, तिने सांगितलं. तिच्या घरात चार दिवसांपासून दाणा नव्हता. आज वीटभट्टीचा मुकादम तांदळाचं पोतं घेऊन येणार होता. ते उतरवून घेतलं, की ती उचल फेडायला दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर, आणि आठवीतल्या मुलीची शाळा बंद.

"इथं सगळीच घेतात, बाई. सोनंवालीबी घेते. मागाहून ती दुप्पट घालते. कुनाची चूल थंड हाय ते कळू नये म्हणून."

मी माफी मागायला उठले. मंदाने हात धरला. "माफी मागाल तर परत तेच सांगाल तिला, की तिचं सरलंय." थोडा विचार करून तिने एका टोपलीत एक पायली भात मापलं आणि माझ्या हातात दिलं. "आता जा."

सोनी दारात बसली होती. माझी टोपली पाहून म्हणाली, "तुमाला कशाला भात? ठाण्याला दुकानं नाय का?"

"सगळ्यांनी घ्यायचं असतं म्हणे. मंदाने मलाही दिलं. मला पाखडता येत नाही."

तिने सूप दिलं. माझ्या पहिल्याच हिसक्याला अर्धं भात अंगणात गेलं.

"कोंबड्यांचं जेवन झालं," ती म्हणाली, आणि सूप माझ्या हातून काढून घेतलं. उरलेलं भात तिनेच पाखडून दिलं. मग उठली, आपली रिकामी टोपली उचलली आणि समाजमंदिराकडे गेली.

मुकादमाची जीप दुपारी आली. सोनीने अंगणभर चटई पसरून वर कणगीतून आणलेलं भात टाकलं होतं.

"सोने, पोतं उतरवू?"

"कुठं ठेवू, भाऊ? बघा की, भात वाळतंय."

"हे किती दिवस पुरंल गो?"

"पुरंल तेवढं पुरंल. पोरीची शाळा हाय."

त्याने चटईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या घराकडे गेला. सोनी पायाने भात परतत राहिली.

परतताना ओढा चढला होता, म्हणून दुसऱ्या वाटेने मुरबाडची बस धरली. मांडीवर माझ्या उरलेल्या भाताची पिशवी होती. आयुष्यभर मी याद्या केल्या, रांगा लावल्या. गरजू कोण हे आधी ठरवावं आणि मग द्यावं, अशी माझी समजूत. त्या पाड्यावर ते कुणी ठरवत नाही, म्हणून सोनीला घेता येतं.

घेतलेलं कापणीनंतर कणगीत परत घालायचं असतं, आणि विकत आणलेलं चालत नाही. मला शेत नाही. तेव्हा सोनीच्या शेतावर कापणीला यायचं मी कबूल केलं आहे.

"वाकता येतं का?" तिने विचारलं होतं.

"थोडं," मी म्हटलं.

"मग थोडं कापा."