वेड्या बाभळीला धुवण

एका वेड्या बाभळीला मी दोन महिने तांदळाचं धुवण पाजलं. तेव्हा पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायची होती.

आखातातल्या बुदैया गावात आमच्या कुंपणापलीकडे खजुराची बाग. खजुरांचं पाणी पिणारी ती बाभूळ तिथला चिपळूणचा माळी दर आठवड्याला छाटायचा, नवे फुटवे बघून कपाळावर हात मारायचा. ती मुळासकट संपल्याशिवाय रजा नाही, असं मालकाने त्याला बजावलेलं. मला मात्र वाळवंटातल्या त्या हिरव्या पानांची दया यायची.

एका सकाळी त्याने मला पातेल्यासकट पकडलं. त्याने कुदळ टेकवली.

“काकी, तुमचं लेकरू चांगलं बाळसं धरतंय. माझं सहा महिन्यांचं झालं, मी अजून पाह्यलं नाही.”