दगडीपाल्याचा अर्क

आक्काचा पाय गेला, त्याला माझा एक फोटो कारण आहे.

मी बेळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पीएच.डी.साठी बांधावरच्या दगडीपाल्याचा अर्क जंतूंवर तपासत होतो. हा पाला चुरगळून जखमेवर लावायची आमच्याकडं जुनी रीत आहे. काचेच्या बशीत जंतूंची पातळ साय धरते. अल्कोहोलात काढलेल्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती तिच्यावर ठेवली की भोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडतं. तसं ते पडलं. पण शेजारी तुलनेसाठी नुसत्या अल्कोहोलात बुडवलेली चकती होती, तिच्याभोवतीही जवळजवळ तेवढंच वर्तुळ होतं. म्हणजे जंतू पाल्यानं मारले की अल्कोहोलनं, हे ठरत नव्हतं. चकत्या नीट वाळवून प्रयोग पुन्हा करायला हवा होता. मुदत जवळ आली होती. मी बशीच्या फोटोतली अल्कोहोलच्या चकतीची कड कापून टाकली.

संकेश्वरला आक्काकडं गेलो तेव्हा मिरवत तोच फोटो दाखवला. तिच्या पायाच्या तळव्यात तोडलेल्या उसाचं टोकदार बुडखं घुसलं होतं. त्यात मधुमेह. रोज ड्रेसिंगला जाऊन ती कंटाळली होती.

"मग मी पालाच लावते की रं," ती म्हणाली.

भाऊजी हसले. "पाव्हणं, तुमी पानाफुलांचं डॉक्टर. पायाचं डॉक्टर काय म्हणतील?"

"गप बसा वो. माझा भाऊ शिकलाय, तुमच्यासारखा न्हाय."

दवाखाना सोडू नको, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण ते कौतुक मला गोड लागत होतं.

"लाव की. काय हुतंय?" मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी तिला बेळगावला आणलं तेव्हा बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी चिडून विचारलं, "हा पाला कुणी लावायला सांगितला?"

आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कोण सांगतंय? माझंच खुळं डोकं."

मी रिपोर्टांची फाईल धरून उभा होतो. भाऊजींनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला.

पुढं मला पदवी मिळाली. आता तरी सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी संकेश्वरला गेलो. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मनाला लावून घिऊ नको. तुझ्या पाल्यात खोट नव्हती. माझंच रगात वाईट."

मी "व्हय" म्हणालो.