पोथीतल्या बाईला हुंकार

श्रावणातल्या दुपारी पाम गावच्या देवळात मी पोथी वाचतो आणि खांबाला टेकून बसलेल्या एक मावशी हुंकार देतात. चिकूच्या वाडीतून थेट येतात, बोटांना चीक तसाच. ओवी संपली की त्यांचा जड ‘हं’ येतो. त्याशिवाय मला पुढे वाचवत नाही.

यंदा कथेतल्या ऋषीने शाप देऊन बायकोची शिळा केली, तिथे मी पाणी प्यायला थांबलो. पोथीत त्या बाईच्या तोंडी एक शब्द नाही. तरी पायरीच्या दगडाकडे बघत मावशी ‘हं’ म्हणतच राहिल्या.

“मावशी, मी थांबलोय.”

“तुमी पानी प्या, मास्तर. ती सांगते हाय.”

मी हसून ऐकायला बसलेल्या बायकांकडे पाहिलं. कोणीच हसलं नाही. मागे बसलेली माझी बायको त्या दगडाकडे बघत हळूच म्हणाली, “हं.”